एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र पुस्तकांतून कसा वाचावा

सुरुवात जाडजूड इतिहासग्रंथापासून करू नका. आधी लहानसा प्रश्न ठरवा: प्रवासात खर्च किती येई? वाटेत सोवळं कसं सांभाळत? मग त्याच काळातल्या माणसाचं लेखन घ्या. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' या कामाला उत्तम. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले.

प्रत तपासूनच घ्या. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली काढलेल्या आवृत्तीत बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. तो हवा. प्रस्तावना न चाळता पुस्तक उचललंत, तर वैद्यांचं वाक्य गोडश्यांचं समजून बसाल.

वहीत चार रकाने पाडा: पान, मजकूर, पाहिलेलं की ऐकलेलं, घटना आणि लेखन यांत किती वर्षं गेली. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळी मदार त्याच्यावर. गोडश्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलं, त्यामुळे डोळ्यांदेखतची लूट आणि परगावची ऐकीव हकिकत सारख्याच ठामपणे येते. फौजांचे आकडे जपून घ्या. मिळालेल्या दक्षिणेचे जास्त भरवशाचे. भिक्षुक ते सहसा विसरत नाही!

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. पण ठिकठिकाणचे रुपये वेगळे आणि बदलताना बट्टा, म्हणजे कपात, पडे, म्हणून रकमेचं आजच्या रुपयांत रूपांतर करू नका. त्याच पुस्तकात मजुरी किंवा धान्याचा भाव सापडतो का बघा आणि त्याच्याशी ताडा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, मृगाला सुरू होई: त्यात डिसेंबरपर्यंत ५९०, नंतर ५९१ मिळवा.

एका साक्षीदारावर थांबू नका. खेड्याबद्दल वाचताना जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) शेजारी ठेवा. फुल्यांचा कुणबी कर्जात आणि कचेरीच्या फेऱ्यांत पिचलेला; महसूल खात्यात मुरलेल्या आत्र्यांचा कुणबी वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते यांच्या मागण्यांखाली वाकलेला. घराच्या आतलं मात्र दोघांकडे फारसं मिळणार नाही. त्यासाठी रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी उघडा, आणि स्वयंपाकघरातल्या भांडणांची पानं सावकाश वाचा; रोजचे नियम कोणी लिहून ठेवत नाही, ते मोडले की कळतात.