पुण्याहून नागपूरला येताय? आधी कूलर समजून घ्या

पुण्या-मुंबईकडून बदली होऊन नागपूरला आलेले बरेच जण पहिल्याच उन्हाळ्यात एसीच्या दुकानात शिरतात. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिल-मेमध्ये इथे कूलरच खरा. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या बाजूंना बसवलेल्या ओल्या ताट्यांमधलं (गवताच्या जाड थरांमधलं) पाणी झपाट्याने उडतं आणि आत येणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेतं. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही, म्हणून तिकडच्या अनुभवावरून कूलरला नावं ठेवू नका.

नवी माणसं दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतात आणि थोड्याच वेळात अंग चिकट होतं. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. आत साचणारी दमट हवा बाहेर जायला वाट हवीच. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर जरूर घ्या. दुपारभर घरात तो वास दरवळणं हे इथल्या उन्हाळ्याचं सुख आहे.

पाणी भरण्याआधी प्लगच काढा. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर शॉक जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.