मॅन्युअल मस्टँग लाइनवरून काढताना मागची चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून काय करायचं

आधी एक हिशोब बघा, हा डोक्यात बसला की पायाला काय शिकवायचंय ते कळतं. २०१८ ची मस्टँग जीटी घ्या, सहा गिअरची मॅन्युअल, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४६० हॉर्सपॉवर आणि साधारण ५७० न्यूटन मीटर टॉर्क. पहिल्या गिअरचा रेशो ३.२४, मागच्या ॲक्सलचा ३.५५ धरा (काहींना ३.७३ येतो). सगळं गुणून, वाटेत वाया जाणारं वजा करून चाकाच्या त्रिज्येने भागलं की मागच्या दोन टायरांवर मिळून १६ हजार न्यूटनच्या आसपास जोर येतो. आता टायर किती घेऊ शकतो? गाडी १७०० किलोची, त्यातलं निम्म्याहून कमी वजन मागच्या चाकांवर, निघताना गाडी मागे बसते तेव्हा अजून दीड-दोनशे किलो तिकडे सरकतं, आणि साध्या डांबरावर चांगल्या टायरची पकड धरली तरी साडेनऊ हजार न्यूटनच्या पुढे आकडा जात नाही. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये फुल ॲक्सिलरेटर दाबला तर टायर झेपवू शकतो त्याच्या दीडपटीहून जास्त जोर आपण त्याच्यावर टाकतो, मग तो फिरणारच, त्यात गाडीचा काही दोष नाही.

आणि हा फक्त इंजिनचा जोर झाला. ४ हजार आरपीएमला फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकात, साठलेली ताकद वेगळी, क्लच झटकन सोडला की तीही एका क्षणात टायरवर येऊन आदळते. टायर एकदा सुटला की त्याची पकड अजून कमी होते, त्यामुळे ॲक्सिलरेटर तसाच धरून ठेवला तर तो स्वतःहून परत पकडत नाही. म्हणून लाँच, म्हणजे उभी गाडी लाइनवरून जोरात काढणं, हा इंजिनची ताकद दाखवायचा प्रकार नाही, मागचा टायर जेवढं घेतो तेवढंच त्याला क्लचमधून मोजून देत राहायचं, बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

हे करायचं कुठे, तर ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी बांधलेल्या पट्टीवर, बाकी कुठेही नाही. सिग्नलवर नाही, रात्री रिकाम्या हायवेवर नाही, सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर तर अजिबात नाही. मागची चाकं फिरायला लागली की गाडीची शेपूट बाजूला सरकते आणि रस्त्यावर त्या बाजूला कोणीतरी असतंच. अमेरिकेत बऱ्याच स्ट्रिपवर 'टेस्ट अँड ट्यून'ची संध्याकाळ असते, आपली रोजची गाडी घेऊन जायचं, फी भरायची, गाडीची तपासणी होते आणि मग लाइनीत उभं राहायचं. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना एंग्लिशटाऊनची स्ट्रिप २०१८ मध्ये बंद झाल्यापासून जरा लांब जावं लागतं, पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्ह किंवा इकडे ग्रेट मेडोजला आयलंड ड्रॅगवे. पण जा, कारण स्ट्रिपवर सुरुवातीच्या भागात चिकट द्रावण मारून रबर बसवलेलं असतं, तशी पकड रस्त्यावर कधीच मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे हातात आकड्यांची स्लिप मिळते. आपण बरोबर केलं की चूक हे गाडीच्या आवाजावरून नाही, त्या स्लिपवरून कळतं.

टायर. कंपनीतून येणारे समर टायर असतील तर हवामान बघून जा. पारा ७-८ डिग्रीच्या खाली गेला की हे रबर कडक होतं आणि मग तुमचा पाय कितीही तयार असला तरी गाडी फिरतेच, ऑक्टोबरच्या शेवटाला रात्री ९ नंतरचे रन त्यामुळेच वाया जातात. हवा आधी दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ठेवा, थंड टायरमध्ये मोजून. रनच्या मध्ये मागच्या दोन टायरांची दोन-तीन पीएसआय कमी करून बघता येते, साध्या रोड टायरला त्याहून खाली नेऊन फायदा होत नाही, शिवाय गाडी शेवटाला ताशी शंभर मैलांच्या वर असते तेव्हा मागून लवलव करायला लागते. घरी जाताना परत भरायची, हे विसरू नका.

लाइनीत पुढे सरकलात की स्टार्टच्या आधी एक ओला पट्टा लागतो, तिथे स्लिक किंवा ड्रॅग रेडियलवाले (हे ड्रॅगसाठीचे खास टायर) टायर भिजवून फिरवतात आणि तापवतात. तुमचे रोड टायर असतील तर त्या पाण्यात जायचंच नाही, बाजूने वळसा घालून पुढे या. रोड टायरच्या खाचांमध्ये पाणी अडकतं, तेच पाणी तुम्ही स्टार्ट लाइनपर्यंत घेऊन येता, मग पहिल्या दहा फुटांत तुम्ही घसरता आणि तुमच्या मागचाही घसरतो. तिथला माणूस हाताने बाजूने जायची खूण करतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. पुढे आल्यावर खडे-माती निघण्यापुरतं कोरड्यावर क्षणभर चाक फिरवलं तर चालतं, धूर काढायची गरज नाही, रोड टायर जास्त तापला की वरचा थर तेलकट होतो आणि पकड वाढायच्या ऐवजी कमी होते. मस्टँगमधलं लाइन लॉक पुढचे ब्रेक धरून मागची चाकं फिरवू देतं, ते ड्रॅग रेडियल लावल्यावरच कामाचं.

सीट एवढी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. टाच जमिनीला टेकवून पाय घोट्यातून हलला पाहिजे, अख्खी मांडी उचलून क्लच सोडत असाल तर बारीक हालचाल जमणारच नाही. बूट पातळ तळव्याचे घाला. मग घरीच, रिकाम्या सपाट पार्किंगमध्ये, ॲक्सिलरेटरला हातही न लावता, म्हणजे पायही न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हळूच हलवा आणि परत दाबा. हलवा, दाबा. क्लच नेमका कुठे पकडतो ते पायाला झोपेतही सांगता आलं पाहिजे. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी प्रॅक्टिस आहे, आणि नेमकी हीच लोक टाळतात.

आता लाइनवर. समोरच्या दिव्यांच्या खांबावर आधी पहिले दिवे लागतात, मग अर्धा-एक फूट पुढे सरकलात की दुसरे, तिथे थांबा. पिवळे तीन दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही की तुमच्या पाव मैलाचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडतं तेव्हा सुरू होतं. रिॲक्शन टाइम, म्हणजे दिव्यानंतर निघायला तुम्ही लावलेला वेळ, वेगळा लिहून येतो. म्हणजे लाँच शिकताना हिरवा दिसल्यावर एक श्वास घेऊन निघालात तरी तुमची वेळ बिघडत नाही. शेजारचा निघून जाऊदे. घाईत पाय झटका मारतो आणि तिथेच सगळं फिसकटतं.

पिवळे लागायला लागले की इंजिन २२०० - २५०० आरपीएमवर आणून स्थिर धरा. काटा वर-खाली नाचत असेल तर निघू नका, स्थिर झाला की निघा. हिरवा दिसला की क्लच पकडतो त्या जागेपर्यंत पाय पटकन आणा आणि तिथे थांबवा. इथे थांबवा हाच सगळा खेळ आहे. बहुतेक लोक इथून पुढे पाय सरळ काढून घेतात, आणि टायर गेला.

का थांबायचं त्याचं गणित सोपंय. पहिल्या गिअरमध्ये २५०० आरपीएम म्हणजे साधारण २८ किमीचा वेग. गाडी उभी आहे आणि इंजिन २८ च्या वेगाने फिरतंय, ही तफावत कुठेतरी भरून निघायला हवी. क्लच घसरत-घसरत भरून काढेल नाहीतर टायर घसरून भरून काढेल, तिसरा रस्ता म्हणजे इंजिन खाली येऊन गाडी गचके खात बंद पडेल. टायर झेपवेल त्या जोराने गाडीला २८ पर्यंत पोचायला एक ते दीड सेकंद लागतो, म्हणजे तेवढा वेळ क्लच हाफच राहिला पाहिजे, पाय अगदी मिलिमीटर-मिलिमीटरने वर येत. ऐकायला दीड सेकंद कमी वाटतो पण लाइनवर तो फार लांब वाटतो. उजवा पाय या वेळात आरपीएम पडू न देण्यापुरता थोडा-थोडा दाबत जायचा. काट्याकडे बघितलंत तर बरोबर लाँचमध्ये तो निघताना किंचित पडतो, मग क्षणभर जागेवर चिकटून राहतो आणि मग गाडीबरोबर चढायला लागतो. तो चढायला लागला म्हणजे क्लच पूर्ण बसला, आता डावा पाय बाजूला घ्या आणि उजवा दाबत न्या. एकदम तळाला नाही, दाबत न्या, कारण वरचा हिशोब आठवा, पहिल्या गिअरमध्ये ही गाडी ५० च्या वेगालाही टायर सोडवू शकते.

टायरची थोडीशी घसर मात्र चांगली असते. रबराची पकड सगळ्यात जास्त तेव्हा असते जेव्हा चाक रस्त्यापेक्षा जरासं जास्त वेगाने फिरत असतं, साधारण दहा टक्के धरा. तेव्हा मागून बारीक चिरचिर ऐकू येते आणि गाडी तरीही जोरात ओढते. कर्कश आवाज येऊन काटा एकदम उडाला तर गेलं, तेव्हा उजवा पाय अर्धा उचला, पूर्ण सोडू नका, पूर्ण सोडलात तर पुढे वजन जातं आणि मागचं अजून हलकं होतं. आणि मागून धडधड-धडधड असा हातोडा मारल्यासारखा आवाज आला, अख्खी गाडी हादरली, तर विचार न करता लगेच पाय काढा, रन सोडून द्या. तो व्हील हॉप. टायर पकडतो-सुटतो-पकडतो आणि प्रत्येक वेळी ॲक्सलच्या शाफ्टला दणका बसतो, २०१५ पासूनच्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि त्यात शाफ्ट असेच तुटतात.

स्टेअरिंग सरळ, आणि निघायच्या आधी पुढची चाकंही सरळ आहेत ना बघा. दुसऱ्या गिअरला जाताना क्लच परत झटकन सोडू नका, थंड टायरवर दुसऱ्यातही शेपूट हलते. तिसऱ्यापासून पुढे बिनधास्त.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिले काही रन ते चालू ठेवा. ते मध्ये पडलं, इंजिनचा जोर कापला, डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकला की कळतं की आपण जास्त दिलं. दिवा न लागता निघता यायला लागलं की मग स्ट्रिपवर ते बंद करून बघा. लाँच कंट्रोलचं पण तेच. मॅन्युअल गाडीत ते फक्त आरपीएम धरून ठेवतं, ॲक्सिलरेटर तळाला दाबून बसा आणि इंजिन तुम्ही ठरवलेल्या आकड्यावर थांबतं, पण क्लच सोडणारा पाय तुमचाच. तो पाय तयार नसेल तर लाँच कंट्रोल असून उपयोग नाही, उलट उजवा पाय आधीच तळाला असल्यामुळे टायर जास्तच फिरतात.

आता स्लिप वाचायची. पाव मैलाचा आकडा सोडा, त्यात वरच्या बाजूला ६० फुटांचा वेळ लिहिलेला असतो तो बघा, तो तुमच्या लाँचचा मार्क आहे. कंपनीच्या रोड टायरवर २.५ आला तर काहीतरी चुकलंय, २.२ - २.३ म्हणजे नीट जमलं, २.० च्या आसपास म्हणजे फारच छान. इथे एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटाला साधारण दीड दशांश वाचतो, म्हणून पैसे घालून पॉवर वाढवायच्या आधी यावर वेळ घाला. २.५ आला तर का आला हे आठवायचं. गाडी निघताना इंजिन गुदमरलं का, आवाज खोल गेला का? मग आरपीएम दोनशेने वाढवा. की टायर ओरडले? मग दोनशेने कमी करा किंवा आरपीएम तेच ठेवून हाफ क्लचला जास्त वेळ द्या. एका रनमध्ये एकच गोष्ट बदलायची, हवा आणि आरपीएम दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. हे स्लिपच्या मागेच पेनाने लिहून ठेवा, हवा किती, आरपीएम किती, थंडी किती.

भारतातल्या वाचकांसाठी, मॅन्युअल आणि रिअर व्हील दोन्ही हवं तर बीएमडब्ल्यूची एम २ आपल्याकडे २०२३ मध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही आली, तिलाही वरचं सगळं तसंच लागू होतं, फक्त टर्बोमुळे टॉर्क खालूनच एकदम येतो म्हणून उजवा पाय अजून सांभाळून. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात, तिथे किंवा अशा कुठल्याही धावपट्टीवर पकड स्ट्रिपसारखी मिळेल असं गृहीत धरू नका, आधी चालत जाऊन बुटाने घासून बघा, धूळ असेल तर १८०० आरपीएमपासून सुरुवात करा. पब्लिक रोडवर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

क्लचची काळजी घ्या. हाफ क्लचवर दीड सेकंद म्हणजे प्लेट तापतेच, लागोपाठ रन मारू नका, मध्ये पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्या. पेडल मऊ लागायला लागलं, पकडायची जागा बदलल्यासारखी वाटली किंवा जळका वास केबिनमध्ये आला तर त्या रात्रीचं काम संपलं. दिव्यांसमोर उभं असताना गिअर टाकून क्लच दाबून बसू नका, न्यूट्रलमध्ये थांबा, तुमचा नंबर आला आणि दुसऱ्या दिव्यांपर्यंत सरकायची वेळ झाली की मग पहिला टाका.