औषध दुकानाच्या ऑडिटमध्ये या चुका टाळा

अमेरिकेत विमा योजनांच्या वतीने औषधांचे क्लेम हाताळणाऱ्या पीबीएम (फार्मसी बेनिफिट मॅनेजर) कंपन्या औषध दुकानाला आधी पैसे देतात आणि पुढे ऑडिटमध्ये दोष सापडला की ते परत मागतात. नुसत्या टंकनदोषापायी पूर्ण औषधाची रक्कम वसूल होऊ नये, म्हणून अनेक राज्यांनी कायदे केले. फ्लोरिडाचा कायदा त्यांपैकीच एक आहे. मात्र त्याच्या भरवशावर कागदपत्रांत ढिलाई करणे महागात पडते.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक चुकीला कारकुनी चूक समजणे. औषध योग्य दिले असेल, तर लेखनातील किंवा संगणकातील चुकीमुळे नाकारलेल्या क्लेमचे पैसे मिळण्याचा हक्क हा कायदा देतो. पण तीच चूक वारंवार होत असेल किंवा तिच्यामुळे पैसे देणाऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल, तर ते संरक्षण उरत नाही. इन्सुलिनचेच पाहा. 3 मिलीच्या पाच पेनांच्या खोक्यात 1,500 युनिट असतात आणि रोज 40 युनिट घेणाऱ्या रुग्णाला ते 37 दिवस पुरते. काउंटरवर सवयीने 30 दिवस नोंदवले की पुढचे रिफिल आठवडाभर आधी जाते, आणि असे महिनोन्‌महिने चालले तर त्याला टंकनदोष म्हणणे अवघड होते. ‘सांगितल्याप्रमाणे घ्यावे’ एवढेच लिहिलेले प्रिस्क्रिप्शन आल्यास डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून रोजची मात्रा विचारावी आणि ती तारखेसह त्याच वेळी नोंदवावी. ऑडिटची नोटीस आल्यावर घातलेल्या नोंदीवर कोणीही विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

दुसरी चूक मुदतींची. प्रत्यक्ष दुकानात होणाऱ्या ऑडिटची सूचना किमान 7 दिवस आधी मिळायला हवी, महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत ते तुमच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही आणि क्लेम 24 महिन्यांपेक्षा जुने काढता येत नाहीत. हे हक्क मागावे लागतात. प्राथमिक अहवाल आला की उत्तराची मुदत मोजक्याच दिवसांची असते, म्हणून तो मालकाच्या टेबलावर पडून राहता कामा नये. वसुली नमुन्यावरून अंदाजाने वाढवलेली नाही ना, तेही तपासावे; ती प्रत्यक्ष जादा दिलेल्या रकमेपुरतीच असायला हवी.

शेवटी, क्लेम कोणत्या योजनेचा आहे हे न पाहता या कायद्याचा आधार घेऊ नये. मेडिकेअरसारख्या (मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) केंद्रीय निधीतून दिलेले क्लेम आणि फसवणुकीचा संशय दिसून आलेली ऑडिट या तरतुदींच्या बाहेर आहेत.