फाशीच्या शिक्षेतून निर्दोष सुटल्यावर: इंदूरच्या घरच्यांसाठी पहिल्या वर्षाची कामं

कोर्टाने 'बरी' (निर्दोष) म्हटलं की माणूस सुटतो, पण त्यापुढे सरकारकडून आपोआप काहीच येत नाही. चुकीच्या शिक्षेची भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ साली २७७व्या अहवालात तो सुचवला आणि जुलै २०२५ मध्ये फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडताना सुप्रीम कोर्टानेही त्याची गरज बोलून दाखवली. तोवर जे मिळवायचं ते अर्ज करूनच, आणि दिवाणी दाव्यांची मुदत एका वर्षात संपते. म्हणून हारतुरे नंतर, आधी कागद.

जेलच्या दारात

सुप्रीम कोर्टाचा आदेश २०२२ पासून 'फास्टर' या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून थेट जेलला जाऊ शकतो. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने सोडलं असेल तर सुटकेचा परवाना (जेलला जाणारा सोडण्याचा हुकूम) नेमका कुठे पोचला, याचा वकिलांमार्फत रोज पाठपुरावा करा. सुटका अडते ती बहुधा तीन कारणांनी: नाव किंवा वडिलांचं नाव जेलच्या नोंदीशी जुळत नाही, आदेशात एखादं कलम राहून जातं, किंवा दुसऱ्या प्रकरणातला जुना वॉरंट पडून असतो. उत्तर प्रदेशात एका कैद्याला जामीन मिळूनही आदेशात पोटकलमाचा आकडा नाही म्हणून अडवून ठेवलं होतं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला ५ लाख रुपये द्यायला लावले. तेव्हा निकालाच्या आधीच जेलमध्ये विचारून घ्या की दुसरा वॉरंट आहे का. संध्याकाळी कैद्यांना कोठडीत बंद केल्यावर परवाना पोचला तर सुटका बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी होते, रात्रभर दारात ताटकळू नका.

अपिलात निर्दोष ठरवण्याआधी कोर्ट सहा महिन्यांचा मुचलका घेतं (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८१, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३७-अ). वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहीन, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी जामीनदार लागला तर ऐनवेळी धावपळ होते, आधीच कोणालातरी तयार ठेवा. आणि हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात जायला सरकारला ९० दिवस असतात, म्हणून पत्ता बदलला तर वकिलांना लगेच कळवा.

दारातून निघताना मागायचं ते: आत गेल्याची आणि सुटल्याची तारीख असलेला दाखला, जेलच्या दवाखान्याची पूर्ण फाइल, मजुरीच्या खात्याचा हिशेब, जमा रोख आणि वस्तूंची यादी. जे मिळणार नाही ते माहितीच्या अधिकारात मागा: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दवाखान्याची फाइल सोडू नका. मारहाण, क्षयरोग, नैराश्यावरची औषधं, सगळं पुढे भरपाईच्या अर्जात उपयोगी पडतं.

ओळख पुन्हा उभी करणं

पहिलं काम निकालाची प्रमाणित नक्कल. वेबसाइटवरून छापलेली प्रत कोर्टात आणि बऱ्याच कचेऱ्यांत चालत नाही. तीन प्रमाणित नकला काढा, शिवाय पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या साध्या प्रती भरपूर ठेवा. दर खिडकीवर पूर्ण निकाल देण्याची गरज नाही. गुन्ह्याचं वर्णन कारकुनाने कशाला वाचायचं?

मग आधार. २०१० च्या आधी आत गेलेल्याकडे ते बहुधा नसतंच. प्रौढाची नवीन नोंदणी फुकट आहे, पण राज्य पातळीवर पडताळणी होते आणि १८० दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात केंद्रावर जा. त्यानंतर समग्र, म्हणजे मध्य प्रदेश सरकारची कुटुंबांची नोंदणी. घरच्यांच्या आठ आकडी परिवार आयडीत त्याचं नाव आहे का, हे एमपी ऑनलाइनच्या दुकानात किंवा निगमच्या झोन कार्यालयात पाहा. नसेल तर सदस्य म्हणून जोडून नऊ आकडी आयडी घ्या. समग्रशिवाय रेशनची पात्रता पर्ची निघत नाही आणि आयुष्मान कार्डाचं घोडं अडतं. मतदार यादीसाठी फॉर्म ६.

जुनं बँक खातं बुडालं असं समजू नका. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी केवायसी देऊन आपल्याच शाखेतून व्याजाच्या नियमाप्रमाणे परत मागता येतात. शेती असेल तर खसऱ्याची (जमिनीच्या उताऱ्याची) ताजी नक्कल काढा. मधल्या काळात नामांतरण होऊन भावाच्या एकट्याच्या नावावर जमीन गेलेली असते. त्या प्रश्नाला पहिल्या महिन्यात घरात तोंड फोडू नका, पण कागद हातात असू द्या.

भरपाई

दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

एक, दिवाणी दावा: सूडबुद्धीने खटला चालवल्याबद्दल किंवा बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल. मुदत कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ प्रमाणे एक वर्ष. खटल्याच्या दाव्यात ते निर्दोष ठरल्यापासून, डांबून ठेवल्याच्या दाव्यात सुटल्यापासून मोजतात. सरकार अपिलात गेलं म्हणून थांबू नका, पहिल्या निकालाची तारीख धरा. राज्य सरकारवर दावा लावायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस कलेक्टरला किंवा सचिवाला द्यावी लागते. ते दोन महिने मुदतीतून वगळतात, तरी सहाव्या महिन्याच्या आत नोटीस गेलेली बरी. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावता येतो. अडचण एवढीच की केवळ निर्दोष ठरणं पुरत नाही. पोलिसांकडे वाजवी कारण नव्हतं आणि हेतू वाईट होता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक दावे इथेच पडतात.

दोन, हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ ची याचिका, जगण्याच्या हक्काचा भंग झाला म्हणून. इथे ठरलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. आमच्या मते पहिला विचार हिचाच करावा. १९८३ साली सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षं डांबलेल्या माणसाला ३५ हजार रुपये दिले, तिथून ही वाट सुरू झाली. पुढे मार्च २०१९ मध्ये नाशिकच्या खटल्यातल्या, फाशी झालेल्या सहा जणांना निर्दोष सोडताना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला महाराष्ट्र सरकारला सांगितलं. त्या प्रकरणात साक्षीदाराने फोटोंवरून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ते दडवलं गेलं होतं. उलट अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात २०१४ साली निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली, ती २०१६ मध्ये नाकारली गेली. म्हणून वकिलांकडे जाण्याआधी निकालात जिथे जिथे तपासावर ताशेरे आहेत तिथे पेन्सिलीने खुणा करा: खोटी जप्ती, उशिराने नोंदवलेला जबाब, दडवलेला साक्षीदार, लादलेला कबुलीजबाब. नुसतं 'संशयाचा फायदा' लिहिलेलं असेल तर आशा माफक ठेवा.

अमुक टक्क्यांवर केस घेतो म्हणणाऱ्या वकिलापासून दूर राहा, तो करार बेकायदा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मागता येतो, हेल्पलाइन १५१००. मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून एका वर्षात. जुन्या मारहाणीसाठी ती वाट बहुतेक बंद झालेली असते.

घरात

फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं दिवा चालू, दार बाहेरून बंद, जेवण ठरल्या वेळी. घरी आल्यावर काही जण दार उघडं टाकूनच झोपतात, काही जण विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत. टोकू नका. पहिले काही आठवडे घरात एका वेळी दोन-तीनच पाहुणे. सराफ्यातली रात्रीची गर्दी आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) पहिल्या वर्षी टाळलेलीच बरी. छातीचा एक्स-रे, साखर, डोळे, दात ही तपासणी सरकारी एमवाय रुग्णालयात करून घ्या. झोप महिनाभर लागली नाही, किंवा माणूस बोलेनासा झाला, तर बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयात दाखवा. रात्रीअपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६.

वरात, फटाके नकोत. ज्यांच्या घरात खून झाला ते बहुधा याच शहरात असतात, आणि त्यांच्या दृष्टीने तर गुन्हेगार आता सापडतच नाहीये. पत्रकारांना भेटायचं तर वकिलांना विचारून, कारण छापून आलेलं वाक्य दाव्यात समोर येतं.

नोकरी आणि थाना

पीथमपूर किंवा सांवेर रोडच्या कारखान्यात ठेकेदार चारित्र्य पडताळणी मागतात. अर्जात 'शिक्षा झाली आहे का' याला उत्तर 'नाही'. 'खटला चालला होता का' याला 'हो, निर्दोष', सोबत निकालाचं शेवटचं पान. हे लपवू नका. सरकारी नोकरीत माहिती दडवणं हेच काढून टाकायला कारण होतं. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातही दडवलेली माहिती कशी तोलायची ते सविस्तर आहे.

थान्याच्या संगणकात खटल्याची नोंद राहतेच, पण निर्दोष ठरल्याचं त्यात बहुधा कोणी चढवलेलं नसतं. पोलीस आयुक्त कार्यालयात निकालाची प्रत जोडून अर्ज द्या. नाव हिस्ट्रीशीटवर (थान्यातल्या सराईतांच्या नोंदीत) असेल तर ते काढण्याची मागणी त्याच अर्जात लिहा. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.