पेट्रोल पंपावर बॅटरीची उपकरणं वापरताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळ शिरोलीपासून कागलपर्यंत हायवेच्या पंपांवर कार्ड मशीन, मोबाईल आणि रिचार्जेबल टॉर्च आता दिवसभर हातात असतात. ही उपकरणं कुठपर्यंत न्यायची, हे कामगारांना नीट सांगितलेलं नसतं.

सगळ्यात घातक चूक पावसाळ्यात होते. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलंय का, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं, कारण पाणी शिरलं तर पेट्रोलमधलं इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं. डिप रॉडला (टाकीत बुडवून मोजायच्या काठीला) पाणी ओळखायची पेस्ट लावून माणूस मॅनहोलच्या, म्हणजे टाकीच्या तोंडाच्या, खड्ड्यावर वाकतो आणि उजेडाला मोबाईलचा टॉर्च लावतो. नाहीतर मोबाईल वरच्या खिशात असतो, तो वाकताना सटकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती त्याच खड्ड्यात साचते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की एक मिलीज्यूलपेक्षाही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. लोक मोबाईलच्या लहरींना भितात. खरी भीती आपटल्यावर सुटणाऱ्या बॅटरीच्या कॉन्टॅक्टची आणि शॉर्टची आहे. मॅनहोल उघडण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाईल, इअरबड, पॉवर बँक ऑफिसात ठेवा.

दुसरी चूक टॉर्च घेताना होते. 'वॉटरप्रूफ' किंवा 'हेवी ड्यूटी' लिहिलं म्हणजे तो स्फोटरोधक झाला असं नाही. अंगावर ईएक्सची (Ex, म्हणजे स्फोटक वाफेच्या जागी चालणाऱ्या उपकरणाची) खूण, गॅसचा गट आणि तापमानाचा वर्ग बघा. पेट्रोलला आयआयए गट पुरतो, आयआयबी आणि आयआयसीही चालतात. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांवर जात नाही. कोणत्या झोनसाठी, म्हणजे वाफ किती वेळ असते त्यावरून ठरलेल्या धोक्याच्या भागासाठी, मान्यता आहे तेही वाचा: टाकीच्या आत झोन ०, मॅनहोलच्या खड्ड्यात झोन १. खूण पुसली असेल, काचेला तडा असेल किंवा रबरी रिंग सैल झाली असेल तर तो टॉर्च साधाच समजा.

चांगला टॉर्चही चुकीच्या सेलने बिघडतो. कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचा सेल घाला. दुसऱ्या सेलचा शॉर्ट-सर्किट करंट जास्त असला तर सुरक्षेचा हिशेबच कोलमडतो. टॉर्च मंद झाला की कामगार तिथेच झाकण उघडून सेल हलवतात. कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी पडते ती नेमकी अशाच वेळी. सेल बदलणं आणि चार्जिंग दोन्ही ऑफिसात करा. प्लास्टिकची बॉडी कोरड्या फडक्याने घासू नका, स्थिर वीज तयार होते. ओलसर कापड वापरा.

टँकर खाली होत असताना जेवढं तेल टाकीत जातं, साधारण तेवढीच वाफ, ती परत टँकरमध्ये घेण्याची सोय नसेल तर, व्हेंट पाइपमधून (टाकीची हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडते. तेव्हा व्हेंट, होज आणि मॅनहोलच्या आसपास साधं उपकरण नकोच, फोटो काढायलाही नको. गिऱ्हाइकाचं यूपीआय नोझल जागेवर लावून, गाडीच्या टाकीचं झाकण बंद झाल्यावर, तेल भरायच्या मशीनपासून बाजूला होऊन घ्या.

सीएनजी मात्र हलका असतो, तो वर छताखाली जमतो. तिथे वरच्या बाजूला, कॅनोपीखाली, सावध राहा.

उपकरण गरम लागलं किंवा बॅटरी फुगलेली दिसली तर ते उघडू नका, खिशात किंवा ड्रॉवरमध्येही टाकू नका. अजून धूर नसेल तर टाक्या आणि मशीनपासून लांब, मोकळ्यावर नेऊन ठेवा. धूर सुटला असेल तर हात लावू नका. इमर्जन्सी स्टॉप दाबा, विक्री थांबवा, लोकांना हटवा आणि १०१ ला फोन लांबूनच करा. आग विझवायच्या पावडरने ज्वाळा विझते, पण लिथियम बॅटरी आतून थंड होत नाही, म्हणून ती पुन्हा पेटू शकते.