दमट हवेत रोड-२: मायटोकॉन्ड्रियाचं कॅल्शियम मोजताना

न्यूरॉनच्या मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियम मोजायला मुंबईत नव्याने लागलेल्यांनी, पावसाळ्यात तर नक्कीच, फ्रीझरमधून काढलेली रोड-२ एएम या डायची (कॅल्शियम मिळालं की चमकणाऱ्या रंगाची) कुपी लगेच उघडू नये. उणे २० अंशांवरची कुपी बाहेर आली की काचेवर दव धरतं. झाकण काढलं की तोच ओलावा आत शिरतो आणि रोड-२ एएमचे एस्टर-बंध पेशीपर्यंत पोचण्याआधीच तुटू लागतात. असा डाय ऋणभारित होतो, पेशीपटल ओलांडत नाही. पेशी अंधुक दिसतात आणि खापर सूक्ष्मदर्शकाच्या लेझरवर फुटतं. सिलिका जेलच्या बंद डब्यातच कुपी अर्धा तास खोलीत ठेवा. ५० मायक्रोग्रॅमला ४४ मायक्रोलिटर नवं, कोरडं डीएमएसओ (द्रावक) घातलं की साधारण १ मिलिमोलर स्टॉक होतो. तो त्याच दिवशी वापरा.

पेशींवर २ मायक्रोमोलर, ३० मिनिटं. बफरमध्ये सीरम नको, त्यातली एस्टरेजं (एस्टर-बंध तोडणारी विकरं) डाय बाहेरच फोडतात. मग धुऊन आणखी ३० मिनिटं थांबा.

रोड-२ एएम धनभारित आहे, म्हणून मायटोकॉन्ड्रियात ओढला जातो. आतली बाजू सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्ट ऋण असते. कॅल्शियमही त्याच ओढीने एमसीयू या वाहिनीतून आत जातं. (तिचं प्रथिन २०११ मध्ये सापडलं.) पेशी शांत असताना सायटोसोलमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीद्रवात, कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर असतं आणि एमआयसीयू१ हा द्वारपाल वाहिनी बहुतांशी मिटून ठेवतो. पेशी वेगाने फायर करू लागली की दार उघडतं. बाहेरची वाट एनसीएलएक्स या दुसऱ्या प्रथिनाची, सोडियमच्या बदल्यात आणि संथ. त्यामुळे उद्दीपन थांबल्यावर सायटोसोलचा आलेख झपकन उतरतो, मॅट्रिक्सचा (मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या भागाचा) मात्र रेंगाळतो. हा फरक दिसला की जीव सुखावतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

पडताळणीला मायटोकॉन्ड्रियाचा विभव (आतला ऋण व्होल्टेज) पाडणारं १ मायक्रोमोलर एफसीसीपी लागतंच. नवशिके ते एकटंच टाकतात आणि इथेच फसतात. विभव कोसळला की एटीपी सिंथेज उलटं फिरतं, पेशीचं एटीपी जाळतं, आणि पेशीपटलावरचे कॅल्शियम पंप उपाशी पडतात. मग सायटोसोलमध्ये वाढलेलं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियाने न घेतल्यामुळे की पंप थकल्यामुळे, हे सांगताच येत नाही. म्हणून आधी एटीपी सिंथेज रोखणारं ऑलिगोमायसिन, मग एफसीसीपी. त्यानंतर पुन्हा उद्दीपन दिल्यावर रोड-२ चमकला, तर तो सिग्नल मायटोकॉन्ड्रियाचा नाही. अशा वेळी केंद्रकाकडे बघा: तिथेही डाय बसलेला असला, म्हणजे तो मायटोकॉन्ड्रियाबाहेर पसरलेला असला, तर ती कव्हरस्लिप बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी मात्रा निम्मी करा.