जगप्रवासाचं बजेट: या चुका टाळा, नाहीतर आठव्या महिन्यात सांगलीत याल

निघण्याआधी आम्ही दोघांनी वर्षभराचा हिशोब सांगलीच्या गावभागातल्या घरी कॅलेंडरच्या पाठीमागं एका ओळीत मांडला होता. रोजचे माणशी साडेतीन हजार गुणिले 365, म्हणजे पावणेतेरा लाख. वर विमानाचे थोडे. पहिली चूक म्हणजे ही ओळच.

आमच्याकडचा द्राक्षबागायतदार असा हिशोब कधी करणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधं आणि मजुरी यांचे पैसे कसे एकदम जातात, हे त्याला ठाऊक असतं. प्रवासातही पैसा रोज सारखा जात नाही, देश बदलला की जातो. व्हिसा, विमान, बॅगेच्या जादा किलोचे पैसे, नवं सिमकार्ड, अपरात्री उतरल्यावर मिळेल त्या भावानं घेतलेली खोली. वर्षात पंचवीस देश करणारा आणि नऊ देश करणारा एकाच टपरीवर जेवले, तरी पहिल्याचा खिसा आधी रिकामा होतो. म्हणून वहीत दोन खाने करा: एक राहण्याचा, एक देश बदलण्याचा. राहण्याचा दरही देशागणिक वेगळा लावा. व्हिएतनाम आणि स्वित्झर्लंड यांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

व्हिसाचा क्रम चुकला की सगळं चुकलं

आम्ही युरोप आठव्या महिन्यात ठेवला होता. उन्हाळा असेल, हवा छान असेल, एवढाच विचार. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही, आणि अर्ज साधारणपणे तुम्ही जिथले रहिवासी आहात तिथूनच करावा लागतो, हे आम्ही वाचलंच नव्हतं. म्हणजे घरून निघताना तो व्हिसा मिळणं शक्य नव्हतं, आणि हनोईत पर्यटक म्हणून बसून तो मागता येत नव्हता. शेवटी हनोईहून मुंबई, मुंबईहून सांगली. अर्जाच्या निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडं. जगप्रवासाला निघालेली माणसं तीन आठवडे घरी भडंग खात बसली होती. भेटेल तो विचारायचा, "काय, संपलं जग?"

या व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, वर अर्ज केंद्राचे वेगळे. नकार आला तरी फी परत मिळत नाही. आणि हातात व्हिसा असला तरी कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तेही सगळ्या शेंगेन देशांत मिळून. "फ्रान्समध्ये तीन महिने, मग इटलीत तीन महिने" हा बेत कागदावरच राहतो. त्यामुळं आधी कडक व्हिसाचे देश उरका. व्हिएतनामसारखे, 25 डॉलरमध्ये ऑनलाइन व्हिसा देणारे, नंतर ठेवा.

केनिया किंवा ब्राझील यादीत असेल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखल्याशिवाय तिकडून परतलात तर इथं सहा दिवस विलगीकरणात बसवू शकतात.

कार्ड, एटीएम आणि वीस टक्के

आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, असतो, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 4.13 टक्के. दहा लाख खर्चलात तर 41,300 रुपये नुसते कार्ड घासल्याचे. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, ती निघण्याआधी घ्या. दुकानातलं मशीन "रुपयांत देणार का?" असं प्रेमानं विचारेल, तेव्हा तिथलंच चलन निवडा. रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीनं लावतात. थायलंडमध्ये एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाट किंवा त्याहून जास्त कापतं, रक्कम कितीही असो. दोन हजार बाट काढले तर अकरा टक्के गेले. काढायचे तर एकदम काढा.

बँकेतून परदेशी पाठवलेली किंवा फॉरेक्स कार्डात (परदेशी चलनाच्या कार्डात) भरलेली रक्कम आर्थिक वर्षात 10 लाखांवर गेली, की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण ऐन प्रवासात पैसे अडकतात. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आणि 31 मार्चनंतर नव्यानं सुरू होते. नवरा-बायको दोघांच्या खात्यांतून, दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलं तर बऱ्याचदा प्रश्नच येत नाही.

विमा घेताना "वार्षिक" या शब्दावर जाऊ नका. वार्षिक मल्टी-ट्रिप पॉलिसीत वर्षभर कितीही फेऱ्या चालतात, पण एका फेरीचे दिवस मोजकेच असतात. सलग वर्षासाठी लांब मुदतीची पॉलिसी लागते, आणि ती भारतात असतानाच काढायची.

बजेट आधीच फाटलं असेल तर?

जेवण कापू नका. आम्ही कापलं, आणि वाचलेले पैसे डॉक्टरला दिले. पुढचे दोन देश कापा आणि आहात तिथं महिनाभर मुक्काम ठोका. महिन्याच्या भाड्यात खोली बरीच स्वस्त पडते, आणि चूल असेल तर पिठलं-भात होतो. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र वेगळ्या खात्यात असू द्या, त्याचं कार्ड सोबत नेऊच नका.

आणि घर. घरपट्टी, वीजबिल, ओटीपी येत राहावा म्हणून मोबाईलचा रिचार्ज, हे सगळं तुमच्या मागं चालूच असतं. आमच्याकडं त्यात कृष्णा नदी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी आहे 45. पावसाळ्यात कुलूप लावून जायचं तर सामान वर चढवायला कुणीतरी हवं. आम्ही शेजारच्या काकांना किल्ली दिली होती. त्या वर्षी पाणी आलं नाही, पण नदी चाळिशीकडं सरकताच काकांनी चार माणसं लावून फ्रिज, कपाट, सोफा सगळं माडीवर नेलं. ते खाली आणायची मजुरी आम्ही परतल्यावर दिली. तीही बजेटात नव्हती.